झाकणाखालची पाच मिनिटं

जेद्द्याच्या अझीझिया भागात आमचं पावाचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे भट्टी आणि भट्टीमागे एवढीशी खोली. सकाळी साधे पाव आणि खारी, दुपारनंतर वाफेचे पाव. लोक यायचे ते वाफेच्या पावासाठी, आणि ते पाव माझ्या जावेचे होते.

माझा दीर बोटीवर होता. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष तेव्हा बोटीवरच असत. त्याने व्हिएतनाममधल्या नदीकाठच्या एका मुसलमान वस्तीतून बायको आणली. सासूने तीन दिवस तिच्याकडे पाठ केली, चौथ्या दिवशी तिच्या हातचं मासळीचं कालवण खाल्लं आणि गप्प झाली. दीर लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. तिला तिच्या देशात परत पाठवा, असं गावात जो तो सांगायला लागला. माझा नवरा म्हणाला, "पाठवायला ती काय पार्सल आहे?" आमच्या कफीलकडे खेटे घालून त्याने तिचा व्हिसा काढला आणि तिला जेद्द्याला आणलं. कफील म्हणजे ज्या सौदी माणसाच्या नावावर दुकान होतं तो. त्याची सही असली की आमचा इकामा नवा व्हायचा आणि आम्ही तिथे राहू शकायचो.

जाव म्हणायची, तिच्या देशात हे पाव सगळे डुकराचं मांस घालून करतात. तिच्या वस्तीत मात्र बैलाच्या नाहीतर कोंबडीच्या खिम्याचे करत. आमच्याकडेही खिमा, कांदा, मिरी आणि मधोमध अर्धं उकडलेलं अंडं. हॉस्पिटलातल्या फिलिपिनो नर्सेस यायच्या आणि हळूच विचारायच्या, आत काय आहे? नवरा सांगायचा, "जे खाऊन तुरुंगात जावं लागत नाही, ते." त्या हसायच्या आणि सहा-सहा बांधून न्यायच्या.

माझं काम वाफेचं. जाव पीठ मळायची, पारी लाटायची, चुण्या घालून तोंड बंद करायची. मी एकावर एक तीन चाळण्या रचायची, झाकणाला फडकं बांधायची आणि गॅस सांभाळायची. या पावाचं एकच कठीण असतं. गॅस बंद केल्याबरोबर झाकण काढलं की गार हवा लागते आणि फुगलेला पाव बसतो. वरून सुरकुततो, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखा. म्हणून गॅस बंद करून झाकण जरासं तिरपं सरकवायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. आमच्याकडे ती पाच मिनिटं आपोआप मिळायची. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली की दुकानं बंद ठेवायची सक्ती होती. अजान ऐकली की शटर खाली, गॅस बंद. नमाज होईपर्यंत पाव झाकणाखाली. शटर वर गेलं की गरम, गोल, पांढरे पाव तयार. माझ्या इकाम्यावर 'काम करण्यास मनाई' असा शिक्का होता, त्यामुळे मी पुढे कधी यायची नाही. मागेच असायची.

मग नवऱ्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस मशीनवर जावं लागायचं. विमा इकाम्यावर होता, इकामा दुकानावर होता आणि दुकान कफीलच्या मर्जीवर होतं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज लागली नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण एवढं कळतं.

त्याच सुमारास सौदीकरणाचा जोर वाढला. दर दुकानात सौदी माणूस हवा. नसला तर दुकानाची फाइल लाल होते आणि लाल फाइलवर कोणाचाच इकामा नवा होत नाही. आमच्या रस्त्यावरचा मलबारी शिंपी गेला, समोरचा मोबाइलवाला गेला. एके दिवशी कफील आला. म्हातारा भला होता. खुर्चीत बसून त्याने दोन पाव खाल्ले आणि म्हणाला, "परका माणूस आणणार नाही. माझी मुलगी येईल."

मुलगी पस्तिशीची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन मुलांची आई. बायकांना गाडी चालवायची परवानगी नुकतीच मिळाली होती. ती स्वतः गाडी चालवत यायची आणि अशी लावायची की शेजारचा किराणेवाला यमनी रोज कपाळावर हात मारायचा. ड्रायव्हर आणि मोलकरणींकडून शिकलेली हिंदी बोलायची. मला वाटलं होतं, नुसती नावापुरती येईल, फोन बघत बसेल. तिने पहिल्याच दिवशी अबायाच्या बाह्या वर केल्या.

"खाला, मला शिकव. मला बसायला नाही पाठवलं."

जावेने तिला सगळं शिकवलं. पीठ किती सैल हवं, बोट टोचलं की खड्डा किती वेळात भरून यावा, खिम्यात पाणी का सुटतं. मुलीचा हात चांगला होता. महिनाभरात तिच्या चुण्या माझ्यापेक्षा बारीक पडायला लागल्या. एक दिवस नवरा मशीनवरून येऊन खुर्चीत बसला होता. त्याने तिचा पाव उचलून बघितला आणि जावेला म्हणाला, "तुझी सुट्टी झाली गो."

तो थट्टा करत होता. मला मात्र ती थट्टा वाटली नाही. दोनच दिवसांपूर्वी कफील त्याला सांगून गेला होता, की मुलगी तयार झाली की दुकानाचा परवाना तिच्या नावावर करायचा. मी मनाशी हिशेब मांडला. तिला सगळं आलं, तर तीन म्हातारी माणसं तिने कशाला पोसायची? त्यातला एक तर निम्मा आठवडा हॉस्पिटलात.

मी जावेला मागच्या खोलीत नेलं. "एक गोष्ट ठेव. सगळं देऊन टाकू नको."

"काय ठेवू?" तिचं मराठी शेवटपर्यंत तसंच राहिलं. "भाबी, तो मुलगी चांगला आहे."

"चांगली आहे म्हणूनच. झाकणाचं मी बघते. तू त्यावर बोलायचं नाही."

"हे बरोबर नाय."

"तुझ्या भाईचं मशीन बंद पडलं तर ते बरोबर आहे?"

ती पीठ मळायला परत गेली. भाई म्हणजे माझा नवरा. त्याच्यामुळे ती इथे होती, आणि हे मला माहीत होतं म्हणूनच मी तसं बोलले.

लपवायला काही करावंच लागलं नाही. अजान झाली की मुलगी मागच्या खोलीत नमाजाला जायची. मी गॅस बंद करायची, झाकण सरकवायची. ती परत यायची तेव्हा मी चाळण्या उतरवत असायची. तिला वाटायचं, आत्ताच शिजले.

तिने घरी करून बघितले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "खाला, सगळे बसले. माझी मुलं म्हणतात, आईने चपला शिजवल्या."

"तुझा मैदा बरोबर नाही," मी म्हणाले.

तिने मैदा बदलला. मग मी म्हणाले, यीस्ट जुनं असेल. तिने यीस्ट बदललं. मग म्हणाले, तुझी शेगडी जोरात असेल. ती सगळं ऐकायची आणि मान डोलवायची. एकदा तिने सरळ विचारलं, "तुम्ही झाकण कधी काढता?"

"शिजले की," मी म्हणाले. जाव पीठ मळत होती. तिचे हात थांबले. मग ती परत मळायला लागली.

इकामा संपायला दोन महिने राहिले होते तेव्हा कफीलने घरी पाहुणे बोलावले. त्याच्या बहिणी, भावजया, सगळं गोत. मुलीने सगळ्यांसमोर पाव करून दाखवायचे, मग परवाना तिच्या नावावर. तिच्या भावाचा विरोध होता. तिला दुकान झेपणार नाही, असं तो म्हणायचा. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी सकाळी तिने दुकानातून पीठ मळून नेलं. जाव म्हणाली, "मी येतो सोबत." मुलगी म्हणाली, "नको, मी एकटी करणार, नाहीतर ते म्हणतील विकत आणले."

ती गाडीत बसेपर्यंत मला सांगता आलं असतं. मी दारातच उभी होते.

तिकडे काय झालं ते यमन्याने आम्हाला सांगितलं. तो त्यांच्या घरी सामान पोचवायचा. चाळण्या टेबलावर आणल्या, सगळ्या बायका बघत होत्या, तिने झाकण उचललं. वाफ वर गेली आणि पाव खाली बसले. मग तिची भावजय म्हणाली, "इंडियन बायकांनी तुला चांगलं शिकवलं." सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी कफील एकटाच आला.

"खलास," तो नवऱ्याला म्हणाला. "ती म्हणते, हे माझं काम नाही. मॉलमध्ये नोकरी धरली तिने."

"दुसरं कोणी?" नवऱ्याने विचारलं.

"कोण येईल पावाच्या दुकानात? सगळ्यांना मॉल हवा, एसी हवा." त्याने नवऱ्याचा हात धरला. "मी तरी काय करू?"

नवरा म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं केलंत." त्याला खरंच तसं वाटत होतं. कफील गेल्यावर मला म्हणाला, "बिचारी पोर. हात किती चांगला होता तिचा. काय चुकलं असेल?"

मी भांडी घासायला घेतली.

चार दिवस मी काढले. पाचव्या दिवशी जावेला घेऊन टॅक्सीने त्या मॉलमध्ये गेले. अत्तराच्या काउंटरमागे ती उभी होती, छातीवर नावाची पट्टी. मला बघून तिचा चेहरा उजळला. तेच मला जास्त लागलं.

"खाला! कसा आहे तुझा नवरा?"

मी वेळ घालवला नाही. सांगून टाकलं. गॅस बंद करायचा, झाकण तिरपं करायचं, पाच मिनिटं थांबायचं. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. मैद्याचं खोटं होतं, यीस्टचं खोटं होतं.

ती हातातली बाटली खाली ठेवून ऐकत राहिली.

"पाच मिनिटं?"

"हो."

"फक्त पाच मिनिटं? मी मैदा बदलला, यीस्ट बदललं."

"चूक झाली. तू परत ये. मी तुझ्या पाया पडते, तुझ्या भावजयांसमोर येऊन सांगते की माझी लबाडी होती. ही नोकरी सोड."

"माझं नाव आता यांच्या फाइलमध्ये आहे, खाला. एक नाव दोन ठिकाणी मोजत नाहीत."

"मग इथून काढ."

"का काढू?" तिचा आवाज वर गेला, मग तिने तो खाली आणला. पलीकडे तिचा साहेब उभा होता. "इथे माझ्यावर कोणी हसत नाही. तुझ्या नवऱ्याच्या मशीनचं मला माहीत होतं. मी बाबांना म्हटलं होतं, दुकान माझं झालं की त्याचा इकामा आधी. तू विचारायचं तरी होतंस."

जाव तिला काहीतरी सांगायला पुढे झाली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मुलगी तिकडे वळली. कागदाच्या पट्टीवर अत्तर मारून तिने ती त्या बाईच्या नाकाशी धरली. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. तिने परत बघितलं नाही.

टॅक्सीत जाव रडली. मी नाही. मी मोजत होते, इकामा संपायला किती दिवस, म्हणजे मशीनच्या किती पाळ्या. बावीस.

त्या बावीस पाळ्यांत मी चार दुकानदारांकडे गेले, आमच्या गावच्या एका माणसाकडे गेले, कोणी तरी नवऱ्याला नावापुरतं कामावर ठेवा म्हणून. प्रत्येकाची फाइल लाल नाहीतर लाल व्हायच्या बेतातली पिवळी. आजारी माणूस म्हटलं की बोलणंच संपायचं. गावच्या माणसाने चहा पाजला आणि म्हणाला, "भाबी, माझंच सामान बांधलेलं आहे." दारामागे खरंच खोकी बांधून ठेवलेली होती.

शेवटच्या पाळीला मशीनवरची नर्स आमच्या मराठी मुलखातली होती, सांगलीकडची. तिने सगळे कागद एका पाकिटात घातले, वर मोठ्या अक्षरात नवऱ्याचं नाव लिहिलं. "मावशी, परवाच्या परवा मशीनवर घ्यायला लागेल हं. चार दिवस गेले तर छातीत पाणी चढेल. गावाजवळ सोय आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

सोय रत्नागिरीत होती. गावापासून अडीच तास. पाळी आठवड्यातून दोनच वेळा मिळाली, तिसरीसाठी यादी होती. तो सात महिने टिकला. त्यातले शेवटचे दोन महिने बसून झोपायचा, आडवा झाला की श्वास लागायचा. जाव त्याच्या पाठीशी उशा लावायची, मी पाय चेपायची. तो कधीकधी त्या मुलीची आठवण काढायचा, आता तिला पाव जमत असतील का म्हणून.

जावेने मला एकदाच विचारलं, "भाबी, तू भाईला सांगितला?"

"नाही."

"सांगणार?"

"सांगून तिसरी पाळी मिळणार आहे काय?" मी म्हणाले. ती उठून गेली. मी त्याला सांगितलं नाही.