रात्रपाळीचं प्लगिन

सोमवार, ९ जून. फ्रेमवर्कची नवी आवृत्ती चढवल्यानंतरची तपासणी करत होते. आमच्या प्रमुखाने मीटिंगच्या खोलीत बोलावलं. समोर अंबडच्या एका कारखान्याचे मॅनेजर. शनिवारच्या रात्रपाळीतले त्यांचे सगळे कामगार आमच्या सॉफ्टवेअरच्या हजेरीत गैरहजर दिसत होते.

प्रमुख मला बसा म्हणाला नाही. मॅनेजरांकडे बघून म्हणाला, "काय आहे साहेब, कोट्यातून आलेल्यांच्या हातात कोड दिला की असंच होतं. आम्ही सांभाळून घेतो."

मॅनेजर हसले. मी उभीच.

मी बावीस वर्षं हे काम करते. तो एकतीसचा. आमच्या मालकाचा भाचा.

रात्रपाळीच्या हजेरीचं प्लगिन मी लिहिलं होतं. माझे वडील तिसऱ्या पाळीत होते. रात्री अकराला आत गेलेला माणूस सकाळी सातला बाहेर येतो. मधे तारीख बदलते आणि त्याचा खाडा पडतो. त्या खाड्यांसाठी वडील टाइम ऑफिसात भांडायचे. हे मी पुस्तकात शिकले नाही.

फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. त्याला हात लावायचा नाही. आपलं काम वेगळ्या फोल्डरमध्ये लिहून बाहेरून जोडायचं, ते प्लगिन. नवी आवृत्ती आली की सांगाडा बदलतो, प्लगिन शाबूत राहतं. मार्चमध्ये प्रमुखानेच माझा कोड उचलून सांगाड्यात चिकटवला. स्वतः लिहिला असं दाखवायला. पुढच्या आवृत्तीत हे पुसलं जाईल, असं मी लेखी कळवलं. उत्तर तोंडी आलं. "मॅडम, आरक्षण कॉलेजात असतं. इथे शिकवू नका." शनिवारी त्यानेच नवी आवृत्ती चढवली. कोड पुसला गेला.

मार्चमध्ये त्या बोलण्यावर मी गप्प बसले होते. त्याआधीही गप्पच. राहता कुठे विचारलं की नाशिकरोड म्हणायचं, वस्तीचं नाव घ्यायचं नाही. याला मी शहाणपण म्हणायचे. भीती होती ती.

मॅनेजर गेल्यावर त्याने टाइप केलेलं माफीपत्र पुढे सरकवलं. 'माझ्या अज्ञानामुळे' अशी सुरुवात.

"सही करा, विषय संपवू. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"अज्ञान कोणाचं, ते मीच लिहिते."

"लय बोलायला लागलात."

"उशीर झाला जरा."

कागद तिथेच ठेवून निघाले.

तरी मंगळवारी सकाळी नऊला ऑफिसात पोचले. प्लगिन पुन्हा त्याच्या फोल्डरमध्ये बसवलं, शनिवारची हजेरी नव्याने चालवली. कामगार हजर झाले. त्यांचा काय दोष? मग मॅनेजरांना मेल लिहिला, मालकांना प्रत. मार्चमध्ये कोड कोणाच्या लॉगिनने हलला, शनिवारी आवृत्ती कोणाच्या लॉगिनने चढली, माझी लेखी सूचना, सगळं जोडलं. सोमवारचं त्याचं वाक्य शब्दशः टाकलं.

मेल पाठवून जातीवरून केलेल्या अपमानाची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने पूर्ण ऐकलं.

"ताई, आपसात मिटवून घ्या ना."

"लिहून घ्या," मी म्हणाले.