स्वामीकाकांची दुसरी डिस्क

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी स्वामीकाका चपला बाहेर काढत, हात धूत आणि कपाळाला विभूती लावून झाली की बोटाला उरलेली त्या डब्यालाही पुसत. एवढं झालं की मला फोन. "माय, काय करायलीस? कोणतं बटन दाबायचं?"

उदगीरच्या आमच्या गल्लीत ते जंगमाच्या, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहिताच्या घरचे म्हणून सगळ्यांचे स्वामी, आणि भिंतीला भिंत लागून म्हणून माझे काका. लग्नासाठी पत्रिका जुळवून देणं हे त्यांचं काम. मी नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळे त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या मशीनी माझ्याच ताब्यात.

त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा बेंगळुरूच्या मुलाने नवा पाठवला. त्यावर पत्रिकेचा जुना प्रोग्राम काही केल्या चालेना. काकू नुकत्याच गेल्या होत्या. त्यात हे कामही गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, म्हणून मी अख्खा रविवार घालवून जुनी डिस्क नव्याच्या पोटात बसवली आणि ती बूटेबल, म्हणजे तिच्यावरूनही मशीन सुरू होईल अशी करून दिली. आता एका डब्यात दोन डिस्क. आपणहून तो नव्या डिस्कवरून सुरू व्हायचा. पत्रिका करायची तर पडद्यावर कंपनीचं नाव दिसताक्षणी एफ बारा दाबून दुसरी डिस्क निवडायची.

"म्हंजे कुठून उठायचं ते ह्याला रोज सांगावं लागतंय," काका म्हणाले. "लई लाडाचं हाय."

मी सगळं मोठ्या अक्षरात लिहून कागद भिंतीला चिकटवला. तरी सकाळी फोन यायचाच. आणि बटन दाबून झालं की खरा फोन सुरू व्हायचा. तुरीला काय भाव निघाला, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, मी जेवते का वेळेवर. "अठरा गुण जुळले की लग्न होतंय. टिकवायला उरलेले अठरा लागतेत," असं सांगून स्वतःच हसायचे.

"तुमचे आणि काकूंचे किती जुळले होते?"

"बघितलेच न्हाईत. भ्या वाटलं."

माझा जीव मात्र तव्यात अडकलेला. "ठेवू का काका? पोळ्या करपतात," हे माझं रोजचं शेवटचं वाक्य.

शेवटी एकदा उदगीरला गेले तेव्हा सेटिंगमध्ये शिरून जुनी डिस्क कायमची पहिली करून टाकली. "आता बटन नाही, काही नाही. थेट पत्रिका."

काका पडद्याकडे बघत राहिले. "आता विचारणारच न्हाई?"

"नाही."

"हाव. बरं झालं. तुझी तकलीफ गेली."

तुझी म्हणाले, माझी नाही. मला ते तेव्हा ऐकूच आलं नाही. फोन बंद झाले आणि मी खुशाल पोळ्या लाटत राहिले.

दिवाळीत माहेरी गेले. फराळाचं ताट घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले तर त्यांची पाठ माझ्याकडे. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर नाव उमटलं आणि बोट बरोबर एफ बारावर पडलं. एकदा खाली, एन्टर. भिंतीवरच्या कागदाकडे मानही वळली नाही. आतला नाण्याएवढा सेल संपला की मशीन आपली सेटिंग विसरतं. मी करून दिलेली कायमची सोय केव्हाच पुसली गेली होती.

"काका, फोन का नाही केलात?"

ते चोरी पकडल्यासारखे दचकले. "येतंय की मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच." त्यांनी ताटातली करंजी उचलली. "तू कामाची माणूस. किती तकलीफ द्यायची तुला?"

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी गल्लीभर माझं कौतुक करून ठेवलं होतं, की पोरीनं असं मशीन करून दिलं, कुणाला काही विचारायचं कामच उरलं न्हाई. आईच्या तोंडून हे ऐकताना मला मान वर करवेना.

मी सेल बदलला. आता सकाळी मीच फोन लावते. आज दिवस कसा आहे विचारते. "चांगलाय," म्हणतात. तुरीचा भाव विचारते, तोही सांगतात. पुढे काय विचारावं हे मी शोधत असते, तेवढ्यात तिकडून त्याच मायेने आवाज येतो, "ठेवू का माय? पोळ्या करपतील."