नव्व्याण्णव सह्या

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. अंबरनाथ पूर्वेत आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडणारी बाई ती मीच. नोकरी मात्र अशी, की राग गिळूनच करावी लागते. मी ग्रामसेविका. रोज सकाळी स्कूटर काढायची, बदलापूर ओलांडायचं, चामटोलीच्या अंगाने आत शिरायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या दोन खोल्या उघडायच्या. गावातली जुनी माणसं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. माझ्या आधी सगळे पुरुषच होते, म्हणून मीही भाऊसाहेबच. पहिला महिनाभर मी ते सुधारायला गेले, मग नाद सोडला.

पंचायतीचे शिपाई म्हणजे मामा. साठीला टेकलेले, बोलणं कमी, चालणं फार. नळाचं पाणी सोडायचं, कागद पोचवायचे आणि ग्रामसभा आली की दवंडी द्यायची, ही त्यांची कामं. दवंडीला त्यांचा तेलाचा एक जुना डबा होता. तो गळ्यात अडकवून काठीने बडवत ते गावभर फिरायचे आणि मग ओढा ओलांडून वरच्या वाडीला जायचे. वाडीत पंधरावीस घरं, डोंगराला चिकटलेली.

त्या उन्हाळ्यात मी दवंडी बंद केली. काय ते डबे बडवायचे या जमान्यात? मी ग्रुप काढला, गावातले झाडून सगळे नंबर टाकले, सभेची नोटीस फोटो काढून पाठवली. पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. मी खुशीत. मामा दारात उभे.

"वरच्या वाडीला सांगाया पायजे, भाऊसाहेब."

"ग्रुपवर टाकलंय ना मामा."

"तिथं रेंज नाय."

"मग ओढ्यापाशी आले की बघतील! सगळंच काय मी घरोघर जाऊन सांगायचं?"

मामा पाणी सोडायला निघून गेले. मी सांगितलं असतं तर ते गेले असते. सांगितलं नाही म्हणून गेले नाहीत. आता आठवलं की माझंच मला वाईट वाटतं.

ती ग्रामसभा एक मेची होती. मे महिन्यात आमच्या भागात सभा घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. रोज कुणाची ना कुणाची हळद. हळद म्हटली की अख्खं गाव मांडवात, मग तिथे पंचायतीला कोण विचारतो? त्यात आमच्या गावाला कोरम शंभराचा. हजेरी बुकात शंभर मतदारांच्या सह्या झाल्या तर सभा खरी, नाहीतर तहकूब, म्हणजे पुढच्या तारखेला ढकललेली. आणि नेमकी त्या दिवशी घरकुलाची यादी मंजूर करायची होती. सरकारी घर कुणाला मिळणार आणि कुणाचं नाव कटणार, ते सभेत वाचून ठरवायचं. ठराव संध्याकाळपर्यंत पाठवा, असं वरच्या साहेबांनी दोनदा फोन करून बजावलं होतं.

सरपंच ताई नव्या हिरव्या साडीत आल्या होत्या. पुतण्याची हळद होती, त्यांचा अर्धा जीव तिकडे. "आटपा लवकर, भाऊसाहेब," एवढंच चाललं होतं. शाळेच्या पडवीत सतरंज्या टाकल्या होत्या, पंखा नुसता आवाज करत होता. येईल तो सही करायचा, थोडा वेळ बसायचा, घड्याळ बघायचा. मी बूक मोजलं. नव्व्याण्णव. पुन्हा मोजलं. नव्व्याण्णवच. कपाळ माझं!

मग लक्षात आलं, मामांची सही राहिलीय. मामा त्याच गावचे मतदार. ते मागे पाण्याचे ग्लास विसळत होते.

"मामा, या इकडे. तुमची एक सही करा, म्हणजे झाले शंभर."

त्यांनी हात पुसले, आले, बुकाकडे बघितलं. "नाय भाऊसाहेब. मी नाय करनार."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मामा, पेन उचलत नाय काय?" माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "नाय करनार म्हणजे काय? इथे लोक खोळंबलेत, साहेबांना ठराव हवाय, आणि तुम्हाला आजच मिजास सुचली?"

"वाडीला बोलावलंच नाय. त्यांच्याबिगर सभा पुरी कशी व्हईल?"

"मग तसं उभं राहून सांगा ना सभेत! सही अडवून काय मिळणार?"

"माझं बोलनं तुमी बुकात लिवत नाय," मामा शांतपणे म्हणाले. "सही लिवता."

आणि परत ग्लास विसळायला गेले.

सरपंच ताईंनी एकाला बाईकवर पिटाळलं, कुणी सापडतंय का बघायला. तो हात हलवत आला, सगळे हळदीला गेलेले. मागून एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, टाका ना कुणाचीतरी. कोण बघायला येतंय?" खोटं कशाला बोलू, पेन माझ्याच हातात होतं. कुणाचं नाव टाकावं, इथवर माझा विचार गेला होता. तेवढ्यात मामांकडे नजर गेली. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी लिहिलं, गणपूर्तीअभावी सभा तहकूब. आठ दिवसांनंतरची तारीख टाकली आणि साहेबांच्या शिव्या खायला फोन उचलला.

दुपारी मी यादी मामांसमोर आदळली. "आता सांगा, वाडीतलं कोण होतं यात?"

मामांनी बोट ठेवलं. एका म्हातारीचं नाव, पुढे शेरा: पक्के घर आहे, अपात्र. नवरा वारलेला, मुलगा नाही. पाहणीला माणसं आली तेव्हा तिच्या झोपडीचं छप्पर बसलं होतं, म्हणून ती काही दिवस गावात लेकीकडे राहत होती. लेकीचं घर स्लॅबचं. पाहणीवाल्यांनी ते हिच्या नावावर लावून टाकलं. त्या दिवशी यादी वाचली गेली असती तर नाव कटलं असतं, आणि 'कुणाची हरकत?' असं विचारल्यावर हरकत घेणारी ओढ्यापलीकडे बसलेली असती.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"लेक माझ्या शेजारी ऱ्हाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना स्कूटरवर मागे बसवलं, डबा त्यांच्या मांडीवर. ओढ्याच्या पुढे चढ लागला, स्कूटर तिथेच लावली. मामांनी डबा बडवला आणि दारादारांतून माणसं बाहेर आली. म्हातारी निळ्या ताडपत्रीखालून वाकून बाहेर आली. मला म्हणाली, "तुमी नवं भाऊसाहेब का? बरं झालं आलात. येत नाय कोनी." मी दोन वर्षं त्या गावची भाऊसाहेब होते. मान वर करवेना.

तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे त्या दिवशी गावातली जेमतेम तीस माणसं होती. वाडी मात्र सगळी आली होती, पोराबाळांसकट. मी यादी वाचू लागले. म्हातारीचं नाव आलं, शेरा वाचला. ती लगेच उठली.

"घर लेकीचं हाय. तिच्या घरी पानी प्यायचं तरी मी आधी इचारते. ते घर माझं कसं?" मग थेट सरपंच ताईंकडे वळली. "तुमी पन दोन लेकी दिल्यात. त्यांची घरं तुमची झाली का?"

सरपंच ताईंनी पदर सारखा केला. त्यांची धाकटी लेक गेल्याच लग्नसराईत सासरी गेली होती, ते सगळ्या गावाला माहीत.

"नाव ठेवा, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "शेरा चुकीचा हाय, तसा ठराव लिवा. सूचक मी."

मी लिहायला घेतलं. ठरावाला सूचक लागतो, तसा अनुमोदकही लागतो. मी वर बघून विचारलं, "अनुमोदक कोण?"

वाडीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात मागून, ग्लासांच्या ट्रेसकट, मामा पुढे आले.

"मी."

मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, चांगल्या अक्षरात. मामा ट्रे तसाच धरून बुकात डोकावले.

"लिवलं का, भाऊसाहेब?"

"लिवलं, मामा."