घोंगडीखाली

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा पलटणीत, मी आष्ट्याजवळच्या सासरी. सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही हा घरचा कायदा, आणि मी तो इमानानं पाळत होते. मूर्खपणा, दुसरं काय!

त्या दुपारी उसाच्या बांधावर वैरण कापताना मानेवर गांधीलमाशी चावली. घरी पोचेपर्यंत अंगभर गांधी उठल्या, तळव्यांची आग आग व्हायला लागली. सासूबाईंनी डंखावर चुना लावला, अंगाला आमसुलाचं पाणी चोळलं आणि मला माजघरात घोंगडीत गुंडाळून निजवलं.

“पित्त उठलंय गं. घोंगडीच्या उबंनं उतरंल तासाभरात.”

उपाय जुनाच. माझ्या आईनंही तोच केला असता. पण घोंगडीखाली माझे ओठ जाड होत चालले होते, जीभ तोंडात मावेना, घसा आतून आवळत होता. मी सासूबाईंना म्हटलं, “आत्या, दम लागतोय.” आवाज निघाला तो घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा.

“व्हय, अशीच हळू बोल,” त्या म्हणाल्या. “मामंजी ओसरीवर बसल्यात.” आणि आणखी आमसुलं भिजत घालायला उठून गेल्या.

मी पुरती घाबरले. मरणाची भीती होतीच. पण उघड्या डोक्यानं सासऱ्यांपुढं जायची भीतीही तेवढीच होती. आज त्याचा संताप येतो. शेवटी श्वास पुरेनासा झाला तेव्हा घोंगडी फेकली आणि भिंत धरत ओसरीवर गेले. सासऱ्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ते ताडकन उठले.

“ट्रॅक्टर काढ रं!” ते दिरावर ओरडले. “पोरगी हातची जाती!”

आष्ट्यात डॉक्टरांनी माझ्या ओठांकडं एकदाच पाहिलं आणि काही विचारायच्या आधी सुई टोचली. माझी धाप जरा कमी झाल्यावर ते सासऱ्यांवर चिडले. “अंगावर नुसतं पित्त असेल तर खुशाल आमसूल लावा. पण ओठ, जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास लागला, की घरी थांबायचंच नाही. उचलून आणायचं.”

मग त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं.

“आवाज अजून बसलेला वाटतोय,” ते सासऱ्यांना म्हणाले. “का हिचा मूळचाच असा आहे?”

सासरे टोपी हातात घेऊन उभे होते.

“काय सांगू, डॉक्टर,” ते म्हणाले, “पोरीचा आवाज म्या आजच ऐकला.”