खलनायकाच्या बाजूनं लिहिताना

कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझी रूममेट मराठीत व्हिडिओ करायचो. विषय एकच, ॲनिमेतले, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतले खलनायक. मी लिहायचे, ती बोलायची. ती सांगलीची. आवाज असा, की वर्गात हजेरी दिली तरी पोरं वळून बघायची. मी आष्ट्याची. बोलताना मधेच माझं ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ सुटायचं, म्हणून मी कॅमेऱ्यासमोर कधी आले नाही. रविवारी मेसमध्ये जेवून आलो की दार लावायचो, आवाज नको म्हणून पंखा बंद करायचो आणि घामाघूम होत रेकॉर्डिंग करायचो.

त्या वर्षी आम्हाला एका मालिकेतल्या सम्राटानं झपाटलं होतं. त्याच्यासमोर कुणी बसायचं नाही, त्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सल्ला देणाऱ्यांना तो तुरुंगात टाकायचा, स्तुती करणाऱ्यांनाही. लहानपणी सख्ख्या भावानं त्याला शत्रूकडे ओलीस म्हणून धाडलं होतं आणि नंतर सोडवायला कुणी गेलंच नव्हतं. त्यातून त्यानं आपलं तत्त्वज्ञान बनवलं होतं. प्रेम समोरच्याच्या मर्जीवर असतं, आज आहे, उद्या नाही. भीती मात्र आपल्या हातात राहते. ज्याला पुन्हा एकटं पडायचं नाही, त्यानं भीती पेरावी.

मैत्रीण म्हणायची, “सत्तेची नशा आहे त्याला, दुसरं काही नाही.”

“नशेत माणूस खूश असतो,” मी म्हणायचे. “हा कधी खूश दिसलाय तुला? त्याला राज्य नकोच आहे. त्याला फक्त परत फसायचं नाही.”

“तुला एवढं कसं गं कळतं त्याच्यातलं?”

तेव्हा मी तिला माझ्या वडिलांबद्दल सांगितलं.

आप्पा सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. चपला उंबऱ्याबाहेर एका ओळीत. आई माहेरी किती दिवस राहणार, मी कुठल्या रस्त्यानं शाळेला जाणार, सगळं आधी सांगायचं. ते सीमेवर असताना त्यांच्या थोरल्या भावानं नदीकाठचं उसाचं रान परस्पर आपल्या नावावर करून घेतलं होतं. ज्याच्या भरवशावर बायको-मुलीला ठेवून गेले, तोच हा भाऊ. मी बारा वर्षांची असताना एका दुपारी गोठ्यात गेले, तर आप्पा म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून रडत होते. मला बघून त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

“कुणाला बोलू नगंस,” ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी आयुष्यभर हुकूम ऐकले होते. हा हुकूम नव्हता. आठ वर्षं मी ती गोष्ट आईलाही सांगितली नाही. रूममेटला सांगितली. ऐकताना तिचे डोळे भरून आले, तिनं माझा हात धरला, आणि मला फार हलकं वाटलं.

मी सम्राटावर लिहिलेलं वाचून ती म्हणाली, “चांगलंय, पण कोरडं आहे. यात तुझ्या वडिलांचं घातलं तर भिडेल बघ.”

“नको. ते माझं नाही, त्यांचं आहे.”

“बरं, राहिलं,” ती म्हणाली आणि विषय तिथंच संपला.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. सकाळी आप्पा दाढी करायला सलूनमध्ये गेले आणि अर्ध्या तासात परत आले. एका गालावर साबणाचा फेस तसाच होता. इस्त्रीच्या शर्टाशिवाय अंगणातसुद्धा न जाणारा हा माणूस तसा बाजारातून चालत आला होता. सलूनमध्ये त्याच थोरल्या भावाचा मुलगा, माझा चुलतभाऊ, मोठ्या आवाजात आमचा सम्राटावरचा व्हिडिओ लावून बसला होता. “काका, ही तर तुमचीच गोष्ट दिसतीया की,” असं तो चारचौघांत म्हणाला होता.

“तुझ्या फोनवर लाव,” आप्पा मला म्हणाले.

मी लावला. तो ओळखीचा गोड आवाज आमच्या सोप्यात घुमला. ‘माझ्या एका मैत्रिणीचे वडील, आष्ट्याचे, सुभेदार होते...’ मग पहिला घास, चपला, भाऊ, म्हैस. आप्पांनी उभ्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्यो राजा म्हंजी मी व्हय?”

“न्हाई, आप्पा...”

“म्हशीचं कुणी सांगितलं?”

गोठ्यात आम्ही दोघंच होतो. ते आत गेले आणि आरशासमोर उरलेली दाढी स्वतःच केली.

मी तिला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, नाव कुठं घेतलंय मी? कॉमेंट वाच. लोक रडतायत तुझ्या वडिलांसाठी.”

“मी नको म्हणाले होते.”

“तूच लिहितेस ना? मग तुला कळायला हवं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढं एका माणसाचं काय घेऊन बसलीस?”

सम्राट हेच म्हणायचा, फक्त गोष्टीच्या जागी साम्राज्य. आवाज एकदाही न चढवता ती हे बोलून गेली. मी तिच्यासोबत अडीच वर्षं राहिले होते आणि तिच्यात असं काही असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. चार दिवसांनी तिनं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून झाला होता.

सुट्टी संपल्यावर मी खोली बदलली. नव्या रूममेटशी मी कामापुरतं बोलायचे. माझ्या फोनला हात लावायचा नाही, कुणाचा फोन आला विचारायचं नाही, मी असताना मैत्रिणींना आणायचं नाही. एक दिवस ती बिचारी स्वतःच्याच खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, “आत येऊ का?” तो सम्राट मला कळतो, असं मी मिरवत होते. असा माणूस तयार व्हायला किती कमी दिवस लागतात, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

घरात आप्पांनी सगळे नियम सोडून दिले. कुणी कधीही जेवा, चपला कुठंही पडू देत. आई आधी सुखावली, मग घाबरली. “तू त्या राजाच्या बाजूनंच लिवलं हुतंस, येवढं तरी सांग त्येंना,” ती म्हणाली.

मी एकदा धीर करून सांगितलं, “आप्पा, मी त्या राजाची बाजू घेतली होती.”

ते शांतपणे म्हणाले, “बाजू घ्यायला मानूस उघडा करावा लागतोय व्हय?”

त्यानंतर त्यांनी मला अगं-तुगं केलं नाही. ‘जेवला का?’ ‘बसा.’ पोटच्या पोरीला ‘तुमी’. आईनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

आता मी पुण्यात नोकरी करते. महिन्यातून एकदा आष्ट्याला जाते. आप्पा माझ्या हातातली बॅग घेतात, आत नेऊन ठेवतात आणि विचारतात, “परत कवा निघनार तुमी?”