नाक्यावर फोडलेल्या बांगड्या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण जिच्या केसालाही कुणी धक्का लावला नव्हता, अशा एका लहान मुलीचं प्रकरण मला अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतं.

महायुद्ध चालू होतं आणि मी तासगावला फौजदार होतो. चळवळीचे दिवस. खाकी कपडा दिसला की खेड्यातली माणसं दार लावून घेत. त्यामुळे एक म्हातारा शेतकरी आपण होऊन ठाण्यात आला, तेव्हा ठाणे अंमलदाराने आधी त्याला बसवून पाणी दिलं. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता, तो लढाईत गेला. मागे बायको आणि एक मुलगी. आता ती सून मुलीला पळवून नेते आहे, अशी त्याची फिर्याद होती.

"पाट लावलाय तिनं, सायेब," तो म्हणाला. "लावंना का. तरनी बाई हाय, माजं काय म्हननं न्हाई. पर पोरगी आमची हाय. माज्या ल्योकाचं तेवढंच ऱ्हायलंय."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्या भागातल्या शेतकरी घरांत त्याला कुणाची ना नव्हती. पण रीत अशी, की बाईने पहिल्या नवऱ्याची मुलं त्याच्या घरी ठेवून एकटीने जायचं. म्हाताऱ्याकडे खबर पक्की होती. बाजाराच्या गर्दीचा फायदा घेऊन सून भावाच्या बैलगाडीतून सांगलीकडे, नव्या नवऱ्याच्या गावी, निघणार होती. सांगली तेव्हा संस्थान. गाडी एकदा त्या हद्दीत शिरली की माझ्या शिपायाला तिथे कुणी विचारणार नव्हतं. मी लगेच नाक्यावर माणसं पाठवली आणि दुपारच्या आत गाडी ठाण्याच्या दारात आली.

बाई तरुण होती. कपाळ मोकळं, पदर घट्ट आवळलेला, मुलगी कडेवर झोपलेली. म्हाताऱ्याला मी बाहेर बसायला सांगितलं. दोन्ही पक्ष समोरासमोर असले की माणसं पोलिसाशी बोलत नाहीत, एकमेकांशी भांडत बसतात.

"पाट लावलास?" मी विचारलं.

"न्हाई सायेब. भावासंगं माह्यारला निगालेय."

मी तोच प्रश्न तीन-चार तऱ्हांनी फिरवून विचारला. उत्तर बदललं नाही. हवालदाराने जबाब लिहून काढला आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. तिने हात लांब केला आणि मी हवालदाराला थांबवलं. विधवेचे हात बांगड्यांवाचून ओकेबोके असतात, तसे तेही होते. पण मनगटावर ताजे ओरखडे होते, आणि एका ठिकाणी हिरव्या काचेची बारीक कपची रुतून बसली होती.

"बाई, नवरा जाऊन कितीतरी दिवस झाले. मग ही बांगडीची काच कुणाच्या नावाची?"

तिने हात पदराखाली घेतला. दारातून भाऊच बोलला, "नाक्यावर शिपाई दिसला, तवा चाकाच्या लोखंडी धावंवर हात आपटलं हिनं. कुक्कू पुसलं. म्या म्हनलं, अगं, नवरा जिता हाय की तुजा! ऐकंचना."

आपल्याकडे सवाष्णीची बांगडी पिचली तरी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. आणि ह्या बाईने भरल्या हातांनी, जिवंत नवऱ्याच्या नावाच्या बांगड्या लोखंडावर फोडल्या होत्या.

"पाट लावला म्हनलं की पोर जाती," ती म्हणाली. "समद्यांस्नी ठावं हाय. मग दुसरं काय करू, सायेब? रंडकी दिसले तर पोर तरी ऱ्हाईल."

खरी गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, ते इथे होतं. म्हातारा, सून, भाऊ, माझे शिपाई, सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की पाट लागला म्हणजे मुलगी गेली. कायदा तसं म्हणत नव्हता. मी गावातल्या एका वकिलांना बोलावणं धाडलं. हे वकील एरवी कोर्टात माझ्या पंचांना घाम फोडत. पण माणूस सरळ.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रथम तिलाच झापलं. "खोट्यावर अंगठा उठला असता, तर उद्या जज्जसाहेबांनी तुझ्या खऱ्यावरही विश्वास ठेवला नसता. जबाब पुन्हा दे. पाट लावला म्हणून सांग. तेवढ्याने आईचा हक्क जात नाही."

मग म्हाताऱ्याला आत बोलावून ते म्हणाले, "बाप गेल्यावर आईने मूल नेलं, तर ते पळवणं होत नाही. फौजदार ह्यात काही करू शकत नाहीत. तुम्हाला नात हवी असेल तर साताऱ्याला जिल्हा कोर्टात अर्ज करा. मी हिच्या बाजूने उभा राहणार. तुमच्यासाठी चांगला वकील मीच सांगतो."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. वकील म्हणतात ते खरं आहे, अशी मी मान हलवली. त्याला तेवढं पुरलं; त्याने अर्ज केला.

साताऱ्याला प्रकरण बरंच चाललं. पाट लावल्याचं बाईने भर कोर्टात सांगितलं. मुलीचं हित कशात आहे एवढंच बघायचं, असं म्हणून न्यायाधीशांनी ताबा आईला दिला, संस्थानात न्यायची परवानगी दिली, आणि दर दिवाळीला मुलीला आजा-आजीकडे आणण्याची अट घातली. मुलगी आज्याच्या हवाली करायची कुठे, यावर पुन्हा वाद झाला. शेवटी दोन्ही वकिलांनी माझं ठाणं ठरवलं.

पहिल्या दिवाळीला बाई मुलीला घेऊन आली. म्हातारा आधीच येऊन बसला होता. त्याने नातीला उचललं, गाडीत बसवलं, आणि तिथूनच सुनेला हाक मारली.

"तू बी चल. म्हातारी वाट बगतीया."

"मला कसं येता यील, मामंजी? पाट लावलेलीनं पयल्या घरचा उंबरा चढायचा नसतोय."

"उंबरा माज्या घरचा हाय," म्हातारा म्हणाला. "कुनी चढायचा त्ये मी सांगनार. बस गाडीत."

ती बसली. पदर तोंडात धरून ती रडत होती, आणि मुलगी आज्याच्या मांडीवरून तिला हाका मारत होती.

पुढे असं भांडण ठाण्यात आलं की फिर्याद लिहिण्याआधी मी दोघांनाही वकिलाकडे पाठवत असे. आपला हक्क काय आहे हे माणसाला वेळेवर कुणी सांगत नाही, म्हणून तो जे आपलंच आहे ते वाचवायला खोटं बोलतो. हे मला त्या बाईने शिकवलं. कोर्टाचा तो हुकूम मी नीट वाचला होता. त्यात उंबऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते म्हाताऱ्याने आपल्या मनाने केलं.