होडीत पाय ठेवताना

आज सकाळी कॉलेजच्या होडीत चढताना मी सवयीने बूट काढले. आमच्या कोकणातल्या गावी पायात काही घालून होडीत कुणी चढत नाही. तिला देवघराचा मान असतो.

"बूट घाल आधी, बोटं गोठतील!" सर ओरडले. मागे कुणीतरी हसलं. मी बूट पुन्हा चढवले.

समुद्राचा अभ्यास करायला इतक्या लांबच्या थंड देशात निघाले, तेव्हा वाटलं होतं, भाषा परकी असेल, जेवण परकं असेल, समुद्र तरी ओळखीचा निघेल. पाणी तसंच खारट आहे. पण त्याच्याशी वागायची रीत माझी नाही.

होडी निघाली. सगळे तपासणीसाठी बाटल्यांत समुद्राचं पाणी भरत होते. माझे पाय बुटांत अंग चोरून बसले होते. समोर इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावरची मुलगी होती. आमचं कधी फारसं बोलणं झालेलं नाही. ती वाकून बुटाची नाडी बांधत होती. मग दुसऱ्या बुटाची. दोन्ही सुटलेल्या होत्या, बूट नुकतेच पुन्हा चढवल्यासारख्या.

तिने मान वर केली. आमची नजरानजर झाली, आणि दोघीही घाईघाईने पाण्याकडे बघू लागलो.